कुरुळीतला समुद्र आणि आजारी खडक

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला खडक बिघडू लागला की ते डोळ्यांआधी नाकाला कळतं. निरोगी टाकीचं झाकण उघडलं तर ओलसर, किंचित खारट वास येतो, बस. बिघडलेल्या टाकीतून सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. खडकाच्या पोटात किंवा त्याच्या खालच्या वाळूत काहीतरी मेलं आहे आणि तिथवर प्राणवायू पोहोचत नाही, एवढं त्यावरून नक्की समजावं. यानंतर घाबरून जे केलं जातं, त्याने बहुतेक वेळा नुकसान वाढतं. सगळं पाणी उपसलं जातं, खडक बाहेर काढून नळाखाली घासला जातो, कुठलंसं बाटलीतलं औषध ओतलं जातं. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ दिसतं आणि मासे वर येऊन धापा टाकत असतात. नळाच्या गोड्या, क्लोरीन घातलेल्या पाण्याने खडकावरचे जिवाणू मेलेले असतात आणि टाकीतली घाण पचवायला दुसरं कोणी उरलेलं नसतं.

हा लेख त्या खडकाबद्दल आहे, आणि कुरुळीसारख्या गावात तो कसा जगवायचा याबद्दल. पुण्याहून नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी फाटा लागतो, पुढे कुरुळी. खेड तालुक्यातलं गाव. शेतं अजून आहेत, पण त्यांच्या मधूनमधून चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या कंपन्या, गोदामं, कामगारांच्या चाळी आणि नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, रस्त्याने शंभर किलोमीटरहून लांब. पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, डिसेंबरच्या पहाटे हात गारठतात. प्रवाळाच्या खडकाला लागतं त्यातलं इथे आपोआप काही मिळत नाही, म्हणूनच इथे त्याचे आजार लवकर आणि स्पष्ट दिसतात. जे कुरुळीत टिकतं ते महाराष्ट्रात कुठेही टिकेल, असं मला वाटतं.

लाइव्ह रॉक म्हणून जो ओळखला जातो तो खडक स्वतः जिवंत नसतो. मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे, शिंपले, चुनखडीचे थर वर्षानुवर्षं समुद्रात दबून, कोरले जाऊन, पुन्हा जुळून झालेला तो सच्छिद्र कॅल्शियम कार्बोनेट. जिवंत असतात ते त्याच्या छिद्रांतले रहिवासी: जिवाणू, गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ, स्पंज, किडे, इवलेसे खेकडे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. खडकाच्या आतल्या भागात, जिथे प्राणवायू जवळजवळ संपतो, तिथे तिसरी मंडळी नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो पाण्याबाहेर घालवतात. एकाच दगडात तीन पाळ्या चालू असतात.

चाकण पट्ट्यात हे कोणाला नवं वाटू नये. इथल्या कंपन्यांमध्ये, मोशीच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत, आणि ती चालवणारा ऑपरेटर हेच काम रोज बघतो. ब्लोअर, डिफ्यूजर, टाकीत फिरणारे प्लास्टिकचे मीडिया, हे सगळं याच प्रकारच्या जिवाणूंना बसायला जागा आणि श्वासाला हवा मिळावी म्हणून. या क्षेत्रातले दोन आकडे मत्स्यालय ठेवणाऱ्याने पाठ करावेत असे आहेत. अमोनियातला एक ग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो, आणि त्या कामात सुमारे ७.१४ ग्रॅम क्षारता खर्च होते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. म्हणजे खाद्य जास्त पडलं की तीन गोष्टी एकाच वेळी घडतात: घाण वाढते, प्राणवायू घटतो आणि पीएच खाली ओढला जातो. खडकाच्या निम्म्याअधिक तक्रारींची मुळं या वाक्यात आहेत. मात्र प्रक्रिया केंद्रातला गाळ आणून टाकीत टाकायचा विचार कोणी करू नये. गोड्या पाण्यातली ती वस्ती खाऱ्या पाण्यात तग धरत नाही, आणि सोबत रोगजंतू येतात ते वेगळेच.

हे रहिवासी नेमके कोण, हे शास्त्रज्ञांनाही फार उशिरा कळलं. समुद्रात अमोनिया पचवणारे फक्त जिवाणूच, असं दीर्घकाळ मानलं जात होतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयात, खाऱ्या पाण्याच्या एका टाकीच्या तळातल्या खडीतून संशोधकांनी एक वेगळाच सूक्ष्मजीव वेगळा काढला. तो जिवाणू नव्हता, आर्किया या प्राचीन वर्गातला होता. त्याला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस असं नाव मिळालं, आणि पुढे कळलं की त्याचे भाऊबंद जगभरच्या समुद्रांत प्रचंड संख्येने आहेत. महासागरातलं इतकं मोठं गुपित मत्स्यालयाच्या तळातल्या खडीत सापडलं, ही गोष्ट मला या छंदाच्या बाजूने फार मोलाची साक्ष वाटते.

खडकाच्या भरवशावर टाकी चालवण्याची कल्पना मात्र छंदिष्टांचीच. जकार्तातले ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास समुद्रातले जिवंत खडक, नैसर्गिक पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या चालवून दाखवल्या. नंतर बर्लिनच्या मंडळींनी त्याला प्रखर प्रकाशाची आणि प्रोटीन स्किमरची जोड दिली. या पद्धती जगभर गेल्या आणि त्यांच्या मागोमाग समुद्रातून टनावारी खडक उपसला जाऊ लागला.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाने थांबायला हवं. आपल्याकडे प्रवाळ आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर पोराइट्स, टर्बिनेरियासारखी प्रवाळं आहेत. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, खोल समुद्रात, आंग्रिया बँक हे बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला आहे, आणि त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर. २०१९ च्या डिसेंबरात तिथे शास्त्रज्ञांची मोहीम गेली होती. मालवणची प्रवाळं तापलेल्या पाण्याने पांढरी पडल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेली आहे. मच्छीमारांची जाळी, नांगर, पर्यटकांचे पाय, तापमान यांच्याशी झुंजणाऱ्या या खडकांवर आणखी एक ओझं, तेही कोणाच्या दिवाणखान्यासाठी, घालण्याचा हक्क आपल्याला नाही.

कायद्यानेही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि सागरी पंखे घातले गेले. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्यांची मांडणी बदलली, संरक्षण कायम राहिलं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकून घाट चढणाऱ्यालाही हे ठाऊक असावं. परदेशातून येणाऱ्या खडकावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात. दुकानदार कागद दाखवू शकत नसेल तर खडक कितीही सुंदर असो, तो घेऊ नये.

फ्लोरिडाने यातून काढलेली वाट मला आदर्श वाटते. तिथे समुद्रातला खडक काढायला नव्वदच्या दशकापर्यंत टप्प्याटप्प्याने बंदी आली. मग लोकांनी समुद्रतळाचे तुकडे भाड्याने घेतले, खाणीतला कोरडा चुनखडक तिथे नेऊन टाकला, त्यावर जीव वसू दिला आणि काही वर्षांनी तोच बाहेर काढून विकला. कुरुळीत समुद्रतळ नाही, पण टाकी आहे, आणि जीव वसवायला तीच पुरते. म्हणून माझा आग्रह एकच आहे: कोरड्यापासून सुरुवात करा. कायदेशीर, जुना, वाळलेला चुनखडीचा खडक, भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे, किंवा कोणी टाकी मोडताना दिलेला वाळका खडक. आपला बेसाल्ट मासे मारत नाही, पण तो जड आणि घट्ट असतो. जिवाणूंना आत शिरायला त्यात जागा कमी. शहाबादी फरशी चुनखडीची असली तरी तिचंही तेच.

कोरड्या खडकाला जीव लागतो तो विरजण लावल्यासारखा. चांगल्या चाललेल्या टाकीतली मूठभर वाळू, ओला ठेवून आणलेला एखादा लहान तुकडा, कोरलाइन शेवाळाचे खरवडलेले कण, बाटलीतले जिवाणू, आणि मग वाट बघणं. अमोनियाचा एखादा स्रोत द्यायचा, पंप चालू ठेवायचा, दिवा बंद ठेवायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया-नायट्राइट मोजायचं. चार ते सहा आठवडे लागतात, पूर्ण कोरड्या खडकाला त्याहून अधिक. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिले की पहिला मासा.

इथे घाई का महागात पडते, याचं रसायन सांगायलाच हवं. पाण्यातल्या अमोनियाचा काही भाग आयनरूपात, तुलनेने निरुपद्रवी असतो आणि काही भाग मुक्त, विषारी. पीएच ७ ला मुक्त भाग जेमतेम अर्धा टक्का. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि २५ अंशांना तिथे हाच भाग सहा-सात टक्के होतो. गोड्या पाण्यात जो अमोनिया मासा सहन करतो, तेवढाच खाऱ्या पाण्यात त्याला मारू शकतो. गोड्या पाण्याच्या टाक्यांत वर्षानुवर्षं हात बसलेली माणसं खाऱ्या पाण्यात पहिल्या महिन्यात हरतात, त्याचं हे एक मोठं कारण.

आता एकेक तक्रार.

‘खडकावर तपकिरी भुकटी आली.’ नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत ही येतेच. ते डायटम, सिलिकाचं कवच बांधणारे सूक्ष्मजीव. सिलिका संपली की बहुतेकदा आपोआप जातात. पण कुरुळी-चाकणच्या बाजूला ते महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात, आणि त्याचं कारण जमिनीत आहे. बेसाल्ट झिजताना भूजलात विरघळलेली सिलिका सोडतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी घेऊन त्यात मीठ कालवलं, तर दर पाणीबदलाला आपण डायटमना खाद्यच पुरवत असतो. घरगुती आरओ यंत्र कठीणपणा आणि टीडीएस बराच खाली आणतं, सिलिका मात्र थोडी निसटते. त्यामुळे आरओच्या पुढे डीआयोनायझिंग रेझिनचं भांडं जोडावं, आणि टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत ते पाणी वापरू नये. रेझिन संपत आलं की त्यातून आधी जी निसटतात, त्यांत सिलिका असते. म्हणून मीटर एक-दोन दाखवू लागला की रेझिन बदलावं.

‘खडक पांढरा पडला.’ आधी बघायचं, कुठे पडला. जागोजागी चट्टे असतील तर गोगलगाय किंवा समुद्री साळिंदर कोरलाइन खरवडून खातंय, काळजी नको. एकाच बाजूला, दिव्याच्या अगदी जवळ असेल तर प्रकाश जास्त. सगळाच फिका पडत चालला असेल तर चाचणीची पेटी काढा. कोरलाइनला कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, क्षारता आठ-नऊ डीकेएचच्या आसपास आणि मॅग्नेशियम १३०० च्या घरात लागतं. यातला एक आकडा घसरला की तिघांचा तोल जातो. आकडे ठीक असतील तर खारटपणा मोजा. मे महिन्यात कुरुळीतल्या कोरड्या हवेत दोनशे लिटरच्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडून जाणं अवघड नाही. मीठ उडत नाही. कोणी आठवडाभर गावी गेलं आणि पाणी भरायला कोणी नसलं, तर ३५ असलेला खारटपणा परत येईपर्यंत ३९ वर गेलेला असतो. मासा ते कदाचित सोसेल, खडकातले किडे आणि कोरलाइन नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडं शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही. नवशिक्यांकडून हा नियम सतत मोडला जातो. पातळी बघून पाणी सोडणारा लहान ऑटो टॉप-अप पंप ही चैन नव्हे, गरज आहे.

‘हिरवे केस उगवले.’ चाकणच्या शॉपफ्लोअरवर बिघाडाच्या मुळापर्यंत जाण्यासाठी पुन्हा पुन्हा ‘का’ विचारायची पद्धत आहे, व्हाय-व्हाय म्हणतात तिला. इथे तीच वापरावी. शेवाळ का? फॉस्फेट आणि नायट्रेट जास्त. फॉस्फेट का? खाद्य कमी केलं, पाणी बदललं, तरी उतरत नाही. मग कुठून येतंय? संशय खडकावर. सिद्ध कसं करायचं? एक बादली घ्या, त्यात फॉस्फेट शून्य असलेलं ताजं खारं पाणी, लहान पंप, आणि टाकीतला एक तुकडा. आठवड्याने मोजा. आकडा चढला असेल तर खडक स्वतःच साठवलेलं फॉस्फेट सोडतोय. कॅल्शियम कार्बोनेट फॉस्फेट धरून ठेवतं आणि पाण्यातलं प्रमाण घटलं की हळूहळू परत देतं. मेलेलं शरीर आतच वाळलेल्या, न धुतलेल्या कोरड्या खडकात हा दोष फार. त्यावर उपाय म्हणजे बाहेरच्या पिंपात तो खडक अंधारात ठेवून पुन्हा पुन्हा पाणी बदलणं, फॉस्फेट शोषणारं माध्यम वापरणं आणि धीर धरणं. टाकीतल्या टाकीत झटपट फॉस्फेट शून्यावर आणण्याच्या मागे लागू नये, कारण तिथून पुढची तक्रार सुरू होते.

‘तपकिरी, चिकट, बुडबुडे अडकलेल्या तारा.’ हे बहुधा डायनोफ्लॅजेलेट. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झालेल्या, नव्या कोरड्या खडकाच्या टाक्यांत हे पसरतात, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारं दुसरं काही वसलेलंच नसतं. अशा वेळी पाणी बदलत राहिल्याने ते वाढतात. थोडं पोषण परत येऊ द्यावं, जिवंत खडकाचा एखादा तुकडा नव्याने आणावा. गडद लाल, मखमली थर चढत असेल तर ते सायनोबॅक्टेरिया. त्यांना मंद प्रवाहाचे कोपरे आवडतात. वेव्हमेकरची दिशा बदलून आणि खडकाच्या फटींत मोठ्या सिरिंजने फुंकर घालून साचलेला गाळ उडवला की निम्मं काम होतं.

या गाळाबद्दल थोडं अधिक. खडक रचताना बहुतेक जण किल्ल्याची भिंत बांधतात, मागच्या काचेला टेकवून, फटी बुजवून. तिच्या मागे गाळ साचतो, प्राणवायू जात नाही, आणि सुरुवातीला सांगितलेला अंड्यांचा वास तिथूनच येतो. रचना मोकळी ठेवावी, चारही बाजूंनी पाणी फिरेल अशी, आणि खालचा खडक वाळूवर नव्हे तर थेट तळाच्या काचेवर टेकवावा, नाहीतर वाळू उकरणारा मासा एका रात्रीत सगळं पाडतो. वास आलाच, तर खडक नळाखाली नेऊ नका. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात मेलेला मऊ भाग ब्रशने काढा, खराब तुकडा वेगळ्या पिंपात पंप लावून ठेवा, टाकीतला हवेचा पुरवठा वाढवा आणि पाव टाकी पाणी बदला. त्या पिंपातला अमोनिया शून्य झाला की तुकडा परत.

वीज हा इथला वेगळा विषय. या पट्ट्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाणं अंगवळणी पडलेलं आहे, पावसाळ्याच्या तोंडावरच्या वादळात तर ती कधीही जाते. पंप थांबला की खडकातल्या लाखो जिवांचं श्वसन थांबत नाही. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू राहतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, तापमान वाढलं की त्याहून कमी. ही शिल्लक रात्री काही तासांत खालावते. बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू सगळ्यांत आधी गुदमरतात. त्यामुळे तीन-चार तास वीज गेली असेल तर तो फिल्टर सुरू करण्याआधी त्यातलं पाणी फेकून द्यावं. इन्व्हर्टरवर काय घ्यायचं, तर आधी पाणी हलवणारा पंप, दिवा शेवटी. खडकाला अंधार चालतो, साचलेपण नाही. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप थोडक्या पैशात येतो. कुरुळीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याने माशाआधी तो विकत घ्यावा. उन्हाळ्यात पृष्ठभागावर झोत टाकणारा लहान पंखा दोन-तीन अंश उतरवतो, कारण इथली एप्रिलची हवा कोरडी असते. पावसाळ्यात त्याचा उपयोग घटतो, पण तेव्हा गरजही घटते.

मग येतात आगंतुक. कोरड्या खडकाने सुरुवात केली तरी प्रवाळाच्या छोट्या तुकड्यांबरोबर ते येतातच. सगळ्यांत चिवट ऐप्टेशिया, काचेसारखं पारदर्शक, तपकिरी समुद्रफूल. ते खरवडायचं नाही. तळपायाचा कण जरी मागे राहिला तरी त्यातून नवं उगवतं, आणि खरवडणाऱ्याच्या टाकीत एकाची पन्नास होतात. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याचीच, घट्ट पेस्ट सुईविना सिरिंजने त्याच्या तोंडावर सोडायची, पंप थोडा वेळ बंद ठेवून. एका वेळी चार-पाचच, कारण चुना पीएच झपाट्याने वर नेतो. पानाच्या टपरीवरचा चुना मात्र नको, त्यात काय मिसळलं आहे याची खात्री नसते. पेपरमिंट कोळंबी ऐप्टेशिया खाते, पण तशीच दिसणारी कॅमल कोळंबी प्रवाळ खाते. विकत घेताना पाठीवरचा उंचवटा आणि अंगावरचे ठळक पांढरे पट्टे बघा, असले तर ती कॅमल.

केसाळ किडे दिसले की लोक दचकतात. बहुतेक निरुपद्रवी, उलट उरलंसुरलं खाऊन खडक साफ ठेवणारे. त्यांची संख्या भराभर वाढली तर आपण खाद्य जास्त टाकतोय, एवढाच अर्थ. केस बोटात घुसले तर आग होते, म्हणून हातमोजे. खडकातून टकटक आवाज येत असेल तर पिस्तूल कोळंबी किंवा मँटिस कोळंबी. दुसरी सापळा लावून काढावी.

एका बाबतीत मात्र कुठलीही सूट नाही. खडक कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी किंवा वाफ सोडू नये. झोअँथिड वर्गातल्या काही बटणासारख्या प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे विष असतं. हवाई बेटांवरच्या अशाच एका जीवातून १९७१ मध्ये ते वेगळं केलं गेलं, आणि निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. घरात खडक उकळल्यामुळे त्याच्या वाफांनी अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदलेल्या आहेत. ‘स्वच्छ व्हावा म्हणून उकळून घेतला’ हे आपल्या स्वयंपाकघराच्या संस्कारातून सहज सुचतं, म्हणून हे ठासून सांगतो. झोअँथिड असलेला खडक हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, बोटाला जखम असेल तर हात घालू नये.

आणि माशांच्या परजीवींवर तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर ते वेगळ्या, खडक नसलेल्या टाकीत. चुनखडीचा खडक तांबं शोषून घेतो आणि नंतर ते परत सोडू शकतो. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना ते फार थोड्या प्रमाणातही मारतं.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, तेव्हा समोरच समुद्र होता. मिठाचं गणित तिथे सोपं होतं. कुरुळीत ते प्रत्येक बादलीत करावं लागतं, लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास. केरळ आणि तमिळनाडूतल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांनी क्लाउनफिशची पैदास बंदिस्त टाकीत यशस्वी केलेली आहे. म्हणजे टाकीतला मासाही समुद्रातून न काढता मिळू शकतो. मासा हॅचरीतला, खडक कोरड्यापासून घडवलेला, पाणी आरओचं, मीठ पाकिटातलं. अशी टाकी आज इथे खरोखर शक्य आहे आणि ती ठेवणाऱ्याने मालवणकडून काहीही घेतलेलं नसतं.

टाकी मोडायची वेळ आली तर खडकाचं काय करायचं, हेही आधीच ठरवलेलं बरं. इंद्रायणीत टाकायचा नाही, आणि कोकणात जाताना समुद्रात तर मुळीच नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयातल्या शेवाळाचा एक लहान पट्टा दिसला होता, आणि पुढे त्याने भूमध्य समुद्रातला फार मोठा तळ व्यापला. आपल्या टाकीतला खडक तसाच, न दिसणाऱ्या बीजांनी भरलेला असतो. एखादा छंदिष्ट टाकी चालवत असेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी त्याच्याकडे पोहोचवा. नसेल तर ब्रशने घासून, शुद्ध पाण्यात काही दिवस भिजवून, पाणी बदलत, मोकळ्या हवेत गच्चीवरच्या उन्हात पूर्ण वाळू द्या. झोअँथिड असतील तर हे करताना घरातल्यांना, विशेषतः मुलांना, दूर ठेवा. वाळलेला खडक खराब होत नाही. गोणीत भरून माळ्यावर ठेवला तर पुढच्या नवशिक्याला तो द्यायचा, आणि सोबत आपल्या चाचण्यांची वही: कोणत्या महिन्यात फॉस्फेट चढलं, कोणत्या गुरुवारी वीज किती तास गेली, रेझिन कधी बदललं.